मोटारीच्या बॅटरीस चार्जर जोडताना

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील ओतशाळांत वितळलेल्या लोखंडाचा धाक सर्वांस असतो. घरी उभ्या मोटारीतील बॅटरीचा सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, व हवेत तो शेकडा ४ झाला की एक ठिणगी पुरते!

महिनोन्महिने न फिरणाऱ्या गाडीस भार राखणारा चार्जर अवश्य लावावा. परंतु जागा हवेशीर व भिंतीवरील बटण बंद असावे. लाल चिमटा प्रथम धन अग्रास जोडावा. काळा मात्र बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस लावावा. शेवटच्या जोडणीची ठिणगी पडलीच तर तेथे पडेल. मग बटण. काढताना आधी बटण, मग काळा, शेवटी लाल. घरात हात लावणारे अनेक असल्यास हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा, असे आम्ही सुचवितो.