तोडफोड न करता स्वयंपाकघराला नवं रूप!

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरसारख्या महामार्गालगतच्या गावातलं जुनं स्वयंपाकघर बहुधा अंधारं असतं. भिंतींवर धुराचा थर, ओट्याला चिरा. पण खर्च फरशी फोडण्यात घालायची गरज नसते.

सुरुवात उजेडापासून! ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज जाते. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. भिंतीचा तेलकट थर सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं निघतो. तो काढल्याशिवाय रंग मारला, तर पापुद्रे सुटतात. चिरलेल्या ओट्यावर कडप्प्याची लादी बसवली, की काम भागतं. काळी असल्यानं तेल-हळदीचे डागही तिच्यावर उठून दिसत नाहीत.

आणि सजावट? ती घरातच असते.

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. माळ्यावरचे गुंड नि गंज खाली काढा. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासलं, की काळपट थर सुटून पिवळं पितळ लखलखतं. गंजात स्वयंपाक करायचा असेल, तर आतून कल्हई हवीच. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर फिरवतो आणि कथिल कापडानं पुसत पसरवतो. कथिल २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये.

उरलेल्या पैशांतून आधी गॅसची जुनी नळी बदला आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा.