काळा रंग आणि त्याचे शेजारी

साड्यांचा छोटासा व्यवसाय सुरू करायचं माझं ठरलंय. जागा, माल, भांडवल, उधारी यांचा हिशेब वहीत मांडता मांडता शेव्रलची गोष्ट वाचली, आणि साडीकडे बघायची माझी नजरच पालटली.

पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात १८२४ साली मिशेल यूजेन शेव्रल हा रसायनतज्ज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे काळ्या रंगाची तक्रार होती: निळ्या-जांभळ्या कापडातल्या सावल्यांना वापरला की तो फिका दिसतो. शेव्रलने दुसऱ्या कारखान्यांची काळी लोकर आणून ताडून पाहिली. गोबलँचा काळा तसूभरही कमी नव्हता. त्याला उतरवत होते ते शेजारचे निळे-जांभळे धागे!

डोळा कुठलाही रंग सुटा पाहतच नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी एकमेकींचे संदेश दाबतात, पुढे मेंदूही तुलना करत राहतो. त्यामुळे प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध छटेकडे ढकलतो. निळ्याविरुद्ध नारिंगी, म्हणून निळ्यालगतच्या काळ्यावर तांबूस झाक चढते आणि तो विटका वाटतो. हा नियम शेव्रलने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

घरी करून बघा. एकाच राखाडी कापडाचे दोन तुकडे घ्या. एक पिवळ्या ब्लाउजपीसवर ठेवा, दुसरा निळ्यावर. पिवळ्यावरचा निळसर भासेल, निळ्यावरचा तांबूस. आता पांढऱ्या पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून त्यांतून फक्त राखाडी बघा. दोन्ही एकच! पुठ्ठा बाजूला करा, की पुन्हा निराळे. खरं काय ते माहीत असूनही डोळा ऐकत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून माझ्या दुकानात संक्रांतीला काळ्या चंद्रकळेचा गठ्ठा निळ्या साड्यांशेजारी मी लावणार नाही. प्रत्येक साडी आधी पांढऱ्या गादीवर एकटी उलगडायची, कारण पांढऱ्यापाशी छटेत भेसळ होत नाही. मग दारात, उजेडात, कारण दिव्याखाली छटा बदललेली दिसू शकते. ‘जरा बाहेर उजेडात दाखवा’ म्हणणाऱ्या बायकांचं अगदी बरोबर असतं. घरी नेलेली साडी दुकानात पाहिली तशीच वाटली, तरच गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढतं.