हकिमी नुस्खा आणि तपासणीचा कागद

वसईच्या किल्ल्याजवळचे पाचूबंदर मासळीसाठी प्रसिद्ध आहे. पण समुद्र मासळीखेरीज औषधी मालही देतो. माकुळाच्या पाठीतला पांढरा, ठिसूळ भाग म्हणजे समुद्रफेस. युनानीत त्याला कफे-दरिया म्हणतात. शिंपला म्हणजे सदफ. असा माल विकणारे किंवा त्याचे मंजन करणारे आपले बांधव 'माल अस्सल आहे' अशी जबान देतात. आज मोठा खरेदीदार जबानीवर थांबत नाही, तपासणीचा कागद मागतो. त्यासाठीच्या सोयी आम्ही येथे देत आहोत.

युनानी संशोधनासाठी केंद्र सरकारची परिषद 1978 साली स्थापन झाली. तिची प्रादेशिक संशोधन संस्था मुंबई परिसरात आहे. वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामचे तिब्बिया कॉलेज आहे. मालेगाव व पुण्यातही युनानी कॉलेजे आहेत. मालाची ओळख, शुद्धता आणि कस यांची मापे सरकारने छापलेल्या 'युनानी फार्माकोपिया'त मिळतात. तपासणी मात्र सरकारमान्य प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी.

संशोधनाने काय साधते? हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा पाया घातला. तेथे सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी 1931 साली सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. पुढे ते हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात डॉक्टरांच्याही उपयोगी पडले.

आता धंद्याच्या चार गोष्टी.

पहिली : औषध बनवून विकायचे तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. स्वतःचा कारखाना नसेल, तर परवानाधारकाच्या कारखान्यात माल बनवून घेण्यासाठी 'लोन लायसन्स'ची सोय आहे.

दुसरी : जुन्या किताबातल्या नुस्ख्यावर पेटंट मिळत नाही. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या हरकतीनंतर 1997 साली रद्द झाले. 2001 पासून असे नुस्खे सरकारी संग्रहात नोंदले जात आहेत. तेव्हा 'किताबी नुस्ख्याचे पेटंट काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

तिसरी : 'मधुमेह हमखास बरा' अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

चौथी : अंबर, म्हणजे व्हेलची उलटी, आणि प्रवाळ यांचा व्यापार वन्यजीव कायद्यात बसत नाही. कोणी स्वस्तात आणून दिले तरी हात लावू नये. अत्तरवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वाडवडिलांचा नुस्खा ही मोठी पुंजी आहे. ती वहीत नीट लिहून ठेवावी, माल तपासून घ्यावा, मगच दुकानात मांडावा. गिऱ्हाईक एकदा भाषेवर येते, पण परत येते ते मालाच्या खरेपणावर.