जनुक म्हणजे सटवाईचा लेख नव्हे

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी भाग्य लिहून जाते, अशी आपली लोकश्रद्धा. आता तिची जागा रक्ततपासणीच्या अहवालाने घेतली की काय, अशी शंका येते. ‘एचएलए-बी २७’चा अहवाल हे याचे ठळक उदाहरण.

शरीरातील पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून रोगप्रतिकारक यंत्रणेला दाखवितात. ही मांडणी करणाऱ्या जनुकांची रूपे माणसागणिक निराळी. बी २७ हे त्यांपैकी एक. १९७३ साली लंडनच्या संशोधकांनी कणा आखडविणाऱ्या संधिवाताचे ७५ रुग्ण तपासले. ७२ जणांत हे रूप सापडले. तुलनेसाठी तपासलेल्या अन्य ७५ जणांत ते केवळ तिघांत होते.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. बी २७ असलेल्या बहुसंख्य माणसांना हा विकार कधीच होत नाही. इतकेच नव्हे, एचआयव्हीची लागण झालेल्यांत याच रूपामुळे रोगाची वाटचाल मंदावते, असे आढळले आहे. मग त्याला चांगले म्हणावे की वाईट?

म्हणूनच निव्वळ अहवालावरून एखाद्या तरुणाला रोगी ठरविणे किंवा ठरलेले लग्न मोडणे हा अन्याय होय. याउलट, चाळिशीच्या आत महिनोन्‌महिने कंबर दुखत असेल, सकाळी ती आखडत असेल आणि विश्रांतीऐवजी हालचालीने आराम पडत असेल, तर ‘वात असेल’ म्हणून अंगावर काढणेही तितकेच घातक. डॉक्टरांनी आधी रुग्ण तपासावा, मग अहवाल वाचावा. विज्ञान संभव सांगते. त्याला विधिलिखित मानण्याची चूक आपली असते.