सशासाठी तीन फुटांची वेस

दिवाळी सरते, कापसाचे पहिले वेचे घरात येतात आणि यवतमाळ जिल्ह्याच्या रानातला हिरवा रंग भराभर ओसरू लागतो. सोयाबीन केव्हाच निघालेले असते, माळावरचे गवत वाळून पिवळे पडते. गावात हिरवे उरते ते सांदवाडीत, न्हाणीच्या पाण्यावर धरलेल्या चार वाफ्यांत. पालक, मेथी, सांभार, कडेला वालाचा वेल आणि नुकताच लावलेला मुंगना. पावसाळ्यात सशाचा मुख्य चारा गवत असते. गवत वाळले की तो रुंद पानांच्या कोवळ्या वनस्पतींकडे वळतो, आणि त्या त्याला नेमक्या आपल्या वाफ्यात मिळतात.

घाटंजी, केळापूर, राळेगाव, झरी-जामणी या भागांत जंगल आणि वस्ती एकमेकांना खेटून आहेत. तिथे रोही आणि रानडुकरांनी शेतकऱ्याला इतके जेरीस आणले आहे, की सशाबद्दल कोणी तक्रारही करत नाही. पीकनुकसानीची भरपाई ज्या प्राण्यांसाठी मिळते त्यांच्या सरकारी यादीत रानडुक्कर, रोही, हरीण, रानगवा, माकड आहेत, ससा नाही. म्हणजे त्याचा बंदोबस्त घरच्या घरीच करायचा आहे.

आधी चोर कोण ते ठरवावे. सशाला वर-खाली दोन्हीकडे पुढचे धारदार दात असतात, त्यामुळे खाल्लेला देठ कोयत्याने तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ दिसतो. हरीण, रोही आणि बकरी यांना वरचे पुढचे दात नसतात. ती पाला ओढून तोडतात आणि देठाला चिंध्या उरतात. सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, किंचित चपट्या असतात आणि फोडल्या तर आत नुसता गवताचा भुसा दिसतो. एवढे पाहिल्यावर बऱ्याच घरी असेही निघेल की दोष शेजारच्या बकरीचा आणि आपल्या उघड्या राहिलेल्या फाटकाचा आहे.

ससाच असेल तर त्याची राहणी समजून घ्यावी, कारण या विषयावर मोबाइलवर मिळणारे बहुतेक सल्ले दुसऱ्याच प्राण्याबद्दलचे असतात. युरोपातला ससा जमिनीत बिळे खणून कळपाने राहतो. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा त्याच जातीचा. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेपायी हे ससे सोडले गेले आणि ते इतके फोफावले, की पश्चिम ऑस्ट्रेलियाला त्यांना अडवण्यासाठी तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपणे घालावी लागली. ती १९०७ मध्ये पुरी झाली, तोवर ससे पलीकडे पोचलेले होते. आपला रानससा बीळ खणत नाही. दिवसभर तो गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरत्या खोलगट जागेत दबून बसतो, संध्याकाळी उठतो आणि रात्रभर एकटा-दुकटा चरतो. तेव्हा दोन फूट चर खणून जाळी गाडण्याचा खर्च आपल्याला करायचाच नाही.

काळ्या जमिनीत तो खर्च वायाही जातो. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खांब हलतात आणि गाडलेली जाळी गंजते. त्यापेक्षा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती एक इंची भोकांची जाळी घ्यावी. उंची जमिनीपासून निदान तीन फूट हवी, चार असली तर उत्तम. खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी दुमडावी आणि तिच्यावर दगड ठेवावेत. घाबरलेला ससा उंच उडी मारू शकतो, पण चरायला आलेला ससा आधी खालची फट शोधतो आणि तिथे त्याच्या पायाखाली जाळीच येते. साखळी विणीच्या जाळीची भोके मोठी असतात, त्यांतून पिल्लू सहज आत शिरते. फाटकाखालची जागा तर सगळेच विसरतात. तिथे लाकडी फळीचा उंबरा ठोकावा. भेगा पडू लागल्या की, म्हणजे मार्चमध्ये, एकदा सगळी खालची कड फिरून पाहावी.

जाळीला पैसे नसतील तर आपल्या आजी-आजोबांचा तुराट्यांचा कूड अजूनही चालतो. दाट बांधावा आणि बुडाशी बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या दाबाव्यात. पऱ्हाट्यांचा मात्र मोह टाळावा. वाळक्या पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते. २०१७ मध्ये तिने या जिल्ह्यातल्या कपाशीचे काय केले ते विसरण्याजोगे नाही. सशापासून चार जुड्या मेथी वाचवताना बोंडअळीला घरात आसरा देणे शहाणपणाचे नव्हे.

नायलॉनची बारीक जाळी स्वस्त मिळते म्हणून लोक तीच बांधतात. तिच्यात ससा अडकून मरतो, धामण अडकते, आणि मग सर्पमित्राला बोलावून जाळी कापावी लागते. धामण उंदीर खाते. तिला गमावून बागेचा काही फायदा होत नाही.

मुंगना, पपई, लिंबू यांच्या रोपांना उन्हाळ्यात वेगळे जपावे लागते, कारण पाला संपला की ससा कोवळी साल कुरतडतो. खोडाभोवती दोन फूट उंच जाळीचे नळकांडे उभे करावे. ते खोडाला चिकटू नये, चार बोटे अंतर हवे.

लसूण-मिरचीचा अर्क, न्हाव्याकडचे केस, लटकवलेल्या जुन्या सीड्या, रात्रभर लावलेला रेडिओ या उपायांवर माझा फार विश्वास नाही. पहिले काही दिवस फरक दिसतो, पुढे ससा सरावतो. अर्क पावसाने किंवा पाणी देताना धुऊन जातो आणि पालेभाजीवर तो मारला तर आपल्यालाच खावा लागतो. कुंपण होईपर्यंतची वेळ मारून नेण्यापुरते ते ठीक आहेत. कुंपणाबाहेर दहा-बारा फूट पट्ट्यातला तरोटा आणि गाजरगवत काढून टाकणे त्याहून कामाचे, कारण लपायला जागा नसली की ससा उघड्यावर यायला बिचकतो. हे गवत हाताने काढावे, पेटवू नये. पिल्ले असल्याच गवतात असतात.

आता ज्या गोष्टी करायच्याच नाहीत त्या. थायमेट नावाने ओळखल्या जाणाऱ्या फोरेटवर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे, तरी जनावरे पळवायला त्याच्या पुड्या बांधण्याची सवय गेलेली नाही. २०१७ च्या फवारणीत विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले तो हाच जिल्हा. जिथे पोरे खेळतात आणि कोंबड्या फिरतात त्या परसात विष कशाला? तारेत थेट वीज सोडणे गुन्हा तर आहेच, त्यात माणसेही मरतात. फासाचे तसेच. टिपेश्वर अभयारण्यात गळ्यात तारेचा फास रुतलेल्या वाघिणीला २०२५ च्या सुरुवातीला बेशुद्ध करून तो काढावा लागला. तार लावणाऱ्याच्या मनात वाघीण असेलच असे नाही, पण तारेला ते कळत नाही.

पकडून दूर सोडण्याचा मार्गही आपल्या हातातला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा संरक्षित आहे. त्याला मारणे, पकडणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे यासाठी शिक्षा होते. शिवाय एक नेला तर मोकळ्या जागेत दुसरा येतो, कारण वाफा तिथेच असतो.

गवत काढताना एखादे पिल्लू एकटे दिसले तर त्याला अनाथ समजून घरात आणू नका. सशाची पिल्ले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. आई त्यांना सोडून दूर राहते आणि अंधार पडू लागला की दूध पाजायला येते. तिच्या गैरहजेरीमुळेच कुत्र्याला पिल्लांचा माग लागत नाही. आपण फक्त आपला कुत्रा बांधून ठेवायचा आणि तेवढा तुकडा काही दिवस न कापता सोडायचा. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.