विश्लेषण : ‘मिस्टर इंडिया’चा दुसरा भाग यावा का? आणि ते ठरवणार कोण?

मनगटावर घड्याळासारखे यंत्र. बटण दाबले की माणूस गायब, लाल प्रकाश पडला की पुन्हा हजर! २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘मिस्टर इंडिया’ने ही कल्पना घराघरांत पोहोचवली. या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची चर्चा अनेकदा झाली. २०२० मध्ये तर चित्रत्रयीची घोषणाही झाली आणि त्यावरून वाद पेटला. गाजलेल्या विज्ञानपटाचा सिक्वेल काढायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा आणि ते ठरवावे कशावरून?

२०२० मध्ये नेमके काय घडले?

फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी झी स्टुडिओजसोबत ‘मिस्टर इंडिया’वर चित्रत्रयी करणार असल्याचे जाहीर केले. त्यावर मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक शेखर कपूर यांनी, आपल्याला कोणी विचारलेही नाही, अशी जाहीर नाराजी व्यक्त केली. मूळ निर्मात्या कलावंतांच्या परवानगीशिवाय पात्रे आणि कथा वापरता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अनिल कपूर यांनाही विचारले गेले नसल्याबद्दल सोनम कपूर यांनी नापसंती दर्शवली.

वादाला खरे वळण दिले ते जावेद अख्तर यांनी. कथा, प्रसंग, पात्रे, संवाद, इतकेच काय तर शीर्षकही दिग्दर्शकाचे नव्हते. मग चित्रपटावर त्यांचा हक्क लेखकापेक्षा जास्त कसा, असा त्यांचा सवाल होता. ‘मिस्टर इंडिया’ हा सलीम-जावेद जोडीच्या नावावरच्या शेवटच्या चित्रपटांपैकी एक. म्हणजे निर्माता, दिग्दर्शक आणि लेखक अशा तीन बाजू समोर आल्या.

कायदा कोणाच्या बाजूने?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. ‘मिस्टर इंडिया’चे निर्माते बोनी कपूर. दिग्दर्शकाने चित्रपट कितीही मनापासून घडवला असला, तरी या व्याख्येत त्याचे नाव नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्यासोबत कर्ता मानण्याची तरतूद होती. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा ती वगळली गेली.

लेखकाची स्थिती वेगळी आहे. पटकथा ही स्वतंत्र साहित्यकृती मानली जाते. तिचे हक्क लेखकाने निर्मात्याला किती आणि कसे दिले, हे करारावर अवलंबून असते. त्यामुळे सिक्वेलचा वाद बहुतेक वेळा जुन्या कराराच्या कागदावर येऊन थांबतो.

आणि शीर्षक? नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉइज’ चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केले. निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षकाची नोंदणी होते, पण ती व्यवसायातली शिस्त आहे, कॉपीराइट नव्हे.

मूळ गोष्ट अपुरी राहिली होती का?

कथानक पाहिले तर नाही. अरुण अनाथ मुलांचे घर चालवतो. त्याला शास्त्रज्ञ वडिलांनी शोधलेले यंत्र मिळते. तो धान्यात भेसळ करणाऱ्यांना धडा शिकवतो आणि शेवटी मोगॅम्बोचा अड्डा उद्ध्वस्त होतो. महत्त्वाचे म्हणजे शेवटच्या लढाईच्या वेळी यंत्र अरुणच्या हातात उरलेले नाही. तो सगळ्यांना दिसत असतानाच लढतो. सामान्य माणसाला गायब होण्याची गरज नाही, हेच तर चित्रपटाला सांगायचे होते. गोष्ट तिथे पूर्ण होते.

कलावंतांचा विचार केला तर अडचण आणखी मोठी. मोगॅम्बो साकारणारे अमरीश पुरी २००५ मध्ये, सीमा साकारणाऱ्या श्रीदेवी २०१८ मध्ये आणि ‘कॅलेंडर’ सतीश कौशिक २०२३ मध्ये गेले. संगणकावरचे व्हीएफएक्स हाताशी नसताना पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्या करामतींवर साकारलेली अदृश्यता आज लॅपटॉपवरही जमते. त्यामुळे ‘माणूस गायब झाला’ एवढ्यावर आता कोणी थक्क होणार नाही.

विज्ञान मात्र पुढे गेले आहे, ते कसे?

२००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मायक्रोवेव्ह लहरी वस्तूभोवती वळवून नेणारे आवरण प्रत्यक्ष तयार झाले. त्यामागचा सिद्धांत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांचा. हे आवरण ठरावीक लहरींपुरतेच काम करत होते. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात आणि लाल रंग त्याच्या वरच्या टोकाला असतो. म्हणजे इतर रंगांत गायब आणि लाल प्रकाशात उघडा, हा चित्रपटातला नियम वाटतो तितका अशास्त्रीय नाही!

एक अडचण मात्र चित्रपटाने सोयीने टाळली. प्रकाश अंगाभोवती वळून गेला तर तो डोळ्यांतही शिरणार नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा होईल. शिवाय शरीराची उष्णता साधारण १० मायक्रोमीटरच्या अवरक्त लहरींतून बाहेर पडते. साध्या डोळ्यांना न दिसणारा अरुण थर्मल कॅमेऱ्यात सहज पकडला जाईल.

नव्या गोष्टीची जागा इथेच आहे. १९८७ मध्ये सामान्य माणसाकडे कोणाचे लक्ष नव्हते आणि अदृश्यता हे त्याच दुर्लक्षाचे शस्त्र झाले. आज पिंपरी-चिंचवडच्या चौकांत सीसीटीव्ही आहेत, कंपनीच्या गेटवर चेहरा किंवा बोट दाखवून हजेरी लागते आणि खिशातला मोबाइल आपण कुठे आहोत ते सांगत राहतो. सामान्य माणूस सतत दिसतो, तरी त्याचे ऐकले जातेच असे नाही. आजच्या अरुणला यंत्र मिळाले तर तो कोणापासून लपेल?

आधीच्या सिक्वेलचा अनुभव काय सांगतो?

‘टर्मिनेटर’ (१९८४) मध्ये मारायला आलेले यंत्र ‘टर्मिनेटर २’ (१९९१) मध्ये रक्षक झाले. जेम्स कॅमेरॉन यांनी आपलाच प्रश्न उलटा केला आणि दुसरा भाग पहिल्याइतकाच लक्षात राहिला. ‘ब्लेड रनर’ (१९८२) चा पुढचा भाग ३५ वर्षांनी आला. समीक्षकांनी तो गौरवला, दोन ऑस्करही मिळाले, पण तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही. आपल्याकडे ‘कोई... मिल गया’ (२००३) मधला परग्रहवासी मागे पडून ‘क्रिश’ (२००६) हा सुपरहिरोपट झाला. चालला, पण त्याची जातकुळी वेगळी होती.

‘तुंबाड’ विज्ञानपट नाही, पण हक्काचा प्रश्न तिथेही दिसला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली आणि दुसऱ्या भागाची घोषणा झाली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मात्र आपण त्यात नसल्याचे सांगितले.

आकुर्डीच्या ‘चेतक’चा धडा

नाव जुने आणि आत सगळे नवे, हा प्रकार पिंपरी-चिंचवडकरांनी जवळून पाहिला आहे. १९७२ मध्ये आलेली बजाज चेतक आकुर्डीत तयार व्हायची. पुढे ती बंद झाली. २०१९ मध्ये तेच नाव इलेक्ट्रिक स्कूटरला मिळाले आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. किक गेली, गिअर गेले, पेट्रोलही गेले. पत्र्याची बॉडी मात्र राहिली. काय सोडायचे आणि काय ठेवायचे, हे ठरल्यावरच जुने नाव नव्या गाडीला शोभते.

मग दुसरा भाग यावा का?

फक्त नावावर पहिल्या आठवड्याची गर्दी खेचायची असेल, तर नको. मूळ गोष्ट पूर्ण आहे. तिला ठिगळाची गरज नाही. पण ‘कोणालाच न दिसणारा माणूस’ ते ‘सगळ्यांना सतत दिसणारा माणूस’ हा बदल पकडायचा असेल, तर दुसऱ्या भागाला कारण आहे. त्यासाठी यंत्र बदलले तरी चालेल. मुलांनी भरलेले घर आणि महिनाअखेरीची ओढाताण मात्र राहायला हवी. ‘मिस्टर इंडिया’ची पत्र्याची बॉडी तीच आहे.

हक्काचे गणितही लक्षात ठेवावे लागेल. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे ‘मिस्टर इंडिया’चा २०४७ च्या अखेरपर्यंत. पटकथेचा त्याहूनही पुढे, लेखकांच्या हयातीनंतर ६० वर्षे. कायद्याने दिग्दर्शकाला विचारणे बंधनकारक नसेलही, पण लेखक आणि दिग्दर्शकाला वगळून काढलेल्या दुसऱ्या भागाला प्रेक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, हे २०२० च्या वादाने दाखवून दिले आहे.