हे खरे आहे काय? विधिमंडळातील प्रश्न : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गळक्या वर्गखोल्या, ग्रामीण रुग्णालयांतील रिक्त पदे, रखडलेली शिष्यवृत्ती, धरणांचा वाढत गेलेला खर्च अशा असंख्य बाबींवर महाराष्ट्र विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य दर अधिवेशनात शासनाला प्रश्न विचारतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी अधिवेशन नागपुरात, असा प्रघात आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, हे संविधानाच्या अनुच्छेद १७४ चे बंधन आहे. लोकांना मात्र या कामकाजातली घोषणाबाजी आणि सभात्यागच बहुतेक वेळा दिसतो. त्यातून अनेक समज रूढ झाले आहेत आणि त्यांतले बरेचसे चुकीचे आहेत.

गैरसमज : प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की प्रश्नही वाया गेले

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तासाभरात प्रत्यक्ष चर्चेला येतात ते तारांकितांपैकी पाच-सहा. उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. विधानसभेतही यादीतले थोडेच प्रश्न पुकारले जातात. गोंधळात तास बुडाला तर उपप्रश्नांची संधी जाते आणि ते नुकसान मोठे आहे, कारण मंत्र्याला तयारीबाहेरचे उत्तर द्यायला लावणारे दुसरे साधन जवळजवळ नाही. पण लेखी उत्तर देण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

या लेखी प्रश्नोत्तराचा साचा ठरलेला आहे. ‘(१) अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे दोन वर्षांपासून रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरात ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे शेरे येतात. हा साचा रुक्ष वाटतो, पण त्याची ताकद त्याच्या काटेकोरपणात आहे. पहिल्या भागात ठिकाण, योजना, वर्ष आणि रक्कम नेमकी असेल तर ‘खरे नाही’ म्हणणे विभागाला अवघड जाते. प्रश्न मोघम असेल तर पहिल्या भागाला नकार मिळतो आणि पुढचे तिन्ही भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत संपतात. ‘अंशतः खरे आहे’ हा शेरा सर्वांत लक्षपूर्वक वाचावा. त्यापुढच्या खुलाशात बहुतेक वेळा कामाची आकडेवारी असते.

प्रश्न स्वीकृत झाला की विधानमंडळ सचिवालयाकडून तो मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जातो. तिथून माहितीची मागणी जिल्ह्यातल्या कार्यालयापर्यंत उतरते. खालून आलेली माहिती कक्ष अधिकारी, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांपर्यंत पोहोचते. महिनोन्‌महिने न हललेल्या फाइलवर तारखेसह उत्तर देण्याची पाळी या टप्प्यावर येते. प्रश्नाचा हा परिणाम कॅमेऱ्यात टिपता येत नाही, म्हणून त्याची दखलही फारशी घेतली जात नाही.

गैरसमज : बहुमत नसेल तर प्रश्नांचा उपयोग नाही, आणि ते विचारायचे ते विरोधकांनीच

इतिहास दोन्ही समजांच्या विरोधात आहे. हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांत प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने आला, तोही उपप्रश्नाविना. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली ती १९०९ मध्ये. अर्थसंकल्पावर बोलता येत असे, मतदान करता येत नसे. अशा मंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये केलेले अर्थसंकल्पावरील भाषण हा सरकारी हिशेबाच्या चिकित्सेचा आजही वाचनीय नमुना आहे. दुष्काळ आणि प्लेगने देश गांजलेला असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवले. मिठावरील कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. १९०३ मध्ये तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. सरकारला मत देऊन अडवण्याचा अधिकार नसलेल्या सभासदांनी सतत लावून धरलेल्या मागणीचा या निर्णयात वाटा होता.

स्वतंत्र भारतातले मुंदडा प्रकरण तर थेट प्रश्नातूनच उभे राहिले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. १९५७ मध्ये लोकसभेत यावर प्रश्न आला. मग फिरोज गांधी यांनी कागदपत्रांसह विषय उचलून धरला. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि त्या लोकसभेत काँग्रेसचे ३७१ सदस्य होते. तरीही सरकारला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. चौकशी मुंबईत, लोकांसमोर झाली आणि काही आठवड्यांत अहवाल आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. सभागृहाला म्हणजे सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांनाही. मतदारसंघातल्या कामासाठी तेही नेमाने प्रश्न टाकतात.

गैरसमज : अर्थसंकल्पात आकडा आला म्हणजे पैसा खर्च झाला

अर्थसंकल्पातला आकडा ही तरतूद असते. तरतूद, प्रत्यक्ष वितरित निधी आणि झालेला खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चावरचा प्रश्न खरा रंगतो तो या तिन्हींतल्या तफावतीवर. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला निधी सामान्यतः व्यपगत होतो. म्हणून ‘किती तरतूद केली’ एवढेच विचारणारा प्रश्न अपुरा आहे. किती वितरित झाला, कधी झाला आणि किती परत गेला, हेही विचारावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती पडलेल्या निधीतून शाळेची खोली वर्षअखेरीपर्यंत बांधून होत नाही, आणि तारीख विचारल्याशिवाय हे कारण बाहेर येत नाही.

विभागांच्या मागण्यांवर मतदान होते ते फक्त विधानसभेत. विधान परिषदेचे सदस्य चर्चा करू शकतात, प्रश्न विचारू शकतात, मत देऊ शकत नाहीत. एखादी मागणी कमी करण्यासाठी कपात सूचना देता येते. लोकसभेच्या पद्धतीत धोरणालाच विरोध असेल तर ‘मागणी एक रुपयापर्यंत कमी करावी’ असे सुचवतात, आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची कपात सुचवतात. वर्षाच्या मधेच पैसा कमी पडला तर पुरवणी मागण्या मांडल्या जातात. त्या वारंवार आणि मोठ्या रकमेच्या आल्या तर मूळ अंदाजच कच्चा होता का, हे विचारणे सदस्याचे कर्तव्य ठरते. काही खर्च मात्र मतदानाच्या कक्षेबाहेर आहे. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि कर्जावरील व्याज राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, पण ते मताला टाकले जात नाही.

गैरसमज : कॅगचा ठपका म्हणजे गुन्हा सिद्ध झाला

भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक खर्च झाल्यानंतर हिशेब तपासतात. राज्याविषयीचे त्यांचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि अनुच्छेद १५१ नुसार विधानमंडळापुढे ठेवले जातात. कॅग कोणाला शिक्षा करत नाही. अहवालातील आक्षेपांवर लोकलेखा समिती संबंधित सचिवांना बोलावून साक्ष घेते आणि शिफारशी करते. केंद्रात ही समिती १९२१ पासून आहे. तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा १९६७ मध्ये मुंबईचे मिनू मसानी यांच्यापासून पडला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या कारभारासाठी पंचायत राज समितीही आहे. ती जिल्ह्यांत जाऊन अधिकाऱ्यांना समोर बसवते. समित्यांत पक्षीय आवेश कमी आणि कागद जास्त असतात. खर्चाची खरी छाननी तिथेच होते, तरी वर्तमानपत्रांत या बैठकांना क्वचितच जागा मिळते.

गैरसमज : मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, विषय मिटला

‘चौकशी करू’, ‘तपासून पाहू’, ‘लवकरच निर्णय घेऊ’ ही उत्तरे आश्वासने म्हणून नोंदली जातात आणि आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. लोकसभेत आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. मुदतवाढ मागता येते आणि मागितली जाते. यामुळे शब्द पाळला जाईलच असे नाही, पण तो दिला होता हे नाकारता येत नाही. उत्तरात चूक आढळली तर मंत्र्यांना दुरुस्तीचे निवेदन करावे लागते. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केल्यास हक्कभंगाचा प्रश्न उभा राहतो.

गैरसमज : सदस्यांना प्रश्नांबाबत कायद्याचे बंधनच नाही

सभागृहात केलेल्या वक्तव्याबद्दल सदस्यावर न्यायालयात खटला भरता येत नाही. अनुच्छेद १९४ ने हे संरक्षण दिले आहे ते निर्भयपणे बोलता यावे म्हणून. लाच घेऊन प्रश्न विचारण्याला ते लागू नाही. प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात टिपलेल्या ११ खासदारांना डिसेंबर २००५ मध्ये सदस्यत्व गमवावे लागले. त्यांत लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १ सदस्य होता. मत किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचे कवच मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २०२४ मध्ये दिला.

गैरसमज : ही सगळी कागदपत्रे सदस्यांपुरतीच असतात

पटलावर ठेवलेले उत्तर सार्वजनिक दस्तऐवज होते. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या आणि अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. गावच्या रस्त्याविषयी किंवा रुग्णालयाविषयी उत्तर सापडले तर त्यातली तारीख, रक्कम आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य पुढच्या ग्रामसभेत, माहिती अधिकाराच्या अर्जात किंवा आमदारांना दिलेल्या निवेदनात जसेच्या तसे उद्धृत करता येते.